वहिनीचं बाळ एसएनसीयूत आहे, बाळंतिणीने रोज जावं का?

माणदेशी_नणंद
माझ्या वहिनीचं बीपी वाढलं म्हणून 31 व्या आठवड्यातच सिझर करावं लागलं, मुलगी झाली, वजन 1350 ग्रॅम. बाळ जिल्हा रुग्णालयात एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांच्या खास विभागात आहे आणि वहिनीला घरी सोडलंय. आई म्हणते सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, दूध दादा नेऊन देईल. वहिनी दिवसभर रडते, दूधही कमी येतंय, त्यात येणारे-जाणारे सातमाशी सातमाशी करून कुजबुजतात. काय करू?

वॉर्डातली_सिस्टर
पाठवा हो ताई, रोज पाठवा, आणि आईला राहायची सोय आहे का ते तिथल्या सिस्टरना विचारा, बऱ्याच ठिकाणी असते. डॉक्टर हो म्हणाले की कांगारू केअर सुरू करायची, म्हणजे बाळाला फक्त टोपी, मोजे, लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं आणि वरून बांधायचं. यात बाळाची ऊब टिकते, वजन वाढायला मदत होते, आणि आईला पान्हाही चांगला फुटतो. डब्ल्यूएचओ तर आता दिवसाला 8 ते 24 तास करा म्हणतं. दूध दर दोन-तीन तासांनी काढायचं, रात्रीसुद्धा, सुरुवातीला चमचाभरच निघालं तरी ते टाकायचं नाही, ते थेंब बाळाला फार मोलाचे. आणि दूध कमी म्हणून वहिनीला कोणी बोलू नका प्लीज, टेन्शनने अजून आटतं.

आर्याची_आई
माझी पण सातमाशीच, आता शाळेत जाते. मला तेव्हा सगळे "बाळ कसंय" विचारायचे, मी जेवले का कोणी विचारत नव्हतं, म्हणून सांगते, डबा द्या, रिक्षाचं बघा, आणि दादाला पण आत जाऊ द्या, बाप पण कांगारू करू शकतो. पेढे, बाळाचं नाव, जे काय आनंदाचं ते नेहमीसारखं करा ना, मुलगी झालीये घरात! आणि पुढे शेजारच्या बाळाशी तुलना नको, दोन वर्षांपर्यंत वय मूळ ड्यू डेटपासून मोजतात, लसी मात्र जन्मतारखेपासूनच.

डोळ्यांचं_विसरू_नका
एक महत्त्वाचं राहिलं. 34 आठवड्यांच्या आत किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो, वेळेआधी जन्मलेल्या बाळांना पडद्याचा जो आजार होऊ शकतो त्याला आरओपी म्हणतात, पहिली तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत. डोळे वरून छान दिसतात म्हणून लोक टाळतात, आणि उशीर झाला तर नजर जाऊ शकते. तारीख आजच विचारून घ्या.

माणदेशी_नणंद
खूप आभार सगळ्यांचे. आईला हे सगळं वाचून दाखवलं, ती म्हणतेय उद्या मी पण येते वहिनीबरोबर. बाळ घरी आल्यावर शेक-शेगडी, धुरी करायची का?

वॉर्डातली_सिस्टर
आजी येतायत हे फार छान झालं, त्यांनाही कांगारू शिकवतील, वहिनीला तेवढीच झोप. धुरी आणि शेगडी अजिबात नको, या बाळांची फुप्फुसं नाजूक असतात. सर्दी-खोकल्यावाल्यांना लांब ठेवा, उचलायच्या आधी हात साबणाने धुवा. बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार पडलं किंवा श्वास थांबून थांबून घेतंय असं वाटलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच घेऊन या. एक वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, 108 ला फोन करा.