काम नसताना नुसतं गाडी फिरवायला जाता का कोणी?

रिकामटेकडा_पुणे

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटेल पण विचारतोच. मार्चमध्ये सेकंडहँड वॅगनआर घेतली आणि तेव्हापासून एक नवीन खोड लागलीये. मागच्या रविवारी सकाळी सहाला जाग आली, बाहेर भुरभुर पाऊस, चावी उचलली आणि निघालो. खडकवासला, डोणजे, खानापूर करत पानशेतच्या रस्त्याला लागलो, धरणापर्यंत गेलोसुद्धा नाही, मध्येच एका भाताच्या खाचराशी गाडी लावली, दहा मिनिटं उभा राहिलो, यू टर्न मारला आणि साडेनऊच्या आत घरी.

बायको म्हणाली कुठे गेला होतास, म्हटलं कुठे नाही. आता हे उत्तर आमच्या घरात चालत नाही. त्यात सासरे आलेले होते, त्यांनी चहा पिता पिता हिशोब मांडला, सत्तर किलोमीटर म्हणजे साडेचार लिटर, म्हणजे पावणेपाचशे रुपये, "आणि आणलं काय?" काहीच आणलं नव्हतं हो. चौपाटीवरून मक्याचं कणीससुद्धा नाही.

तर विचारायचं हे कि असं कोणी करतं का, का मलाच एकट्याला वेड लागलंय? आणि करत असाल तर पुण्यातून सकाळी निघून जेवायच्या आत परत येता येईल असे रस्ते सांगा. ठिकाणं नकोत, रस्ते सांगा. जिथे पोचल्यावर तिकीट काढून काहीतरी बघावं लागतं असलं काही नको.

घाटवाट

वेड एकट्याला नाही, निश्चिंत रहा. मी वीस वर्षं हेच करतोय, आधी स्प्लेंडरवर, आता गुडघे बोलायला लागल्यापासून कारने.

माझा एकच नियम आहे, ज्या रस्त्याने गेलो त्याने परत यायचं नाही. पानशेतला तुम्हाला यू टर्न मारावा लागला ना, तिथेच मजा निम्मी होते, कारण वळलं कि डोक्यात घर चालू होतं, गॅस सिलेंडर, दळण, सोमवारची मीटिंग. गोल रस्ता असला कि शेवटच्या अर्ध्या तासापर्यंत आपण जातच असतो.

त्यामुळे तुम्हाला पहिला रस्ता सांगतो तो सासवडचा. कात्रजच्या नवीन बोगद्याने न जाता जुन्या घाटाने जा, जुना बोगदा पार केला कि खाली शिंदेवाडीला हायवेला लागता. खेड शिवापूर ओलांडलं कि कापूरहोळला डावीकडे वळा, केतकावळ्याच्या बालाजीला बाहेरूनच हात जोडा (आत गेलात कि दोन तास गेले) आणि नारायणपूरकडे चला. हा नारायणपूर ते सासवडचा तुकडा आहे ना, या दिवसांत उजव्या हाताला पुरंदर अर्धा ढगात असतो, वज्रगड कधी दिसतो कधी नाही, रस्त्यात एखादी एसटी आणि दुधाच्या किटल्या लावलेली एखादी मोटरसायकल, बाकी कोणी नाही. सासवडात चहा आणि घरच्यांसाठी सीताफळं घ्या, सीझन चालू आहे, सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल. परत दिवे घाटाने नाहीतर बोपदेव घाटाने. दिवे घाटातून खाली मस्तानी तलाव दिसतो पण पालखी मार्गाच्या रुंदीकरणाचं काम काढलंय म्हणून मी हल्ली बोपदेवने कोंढव्यात उतरतो. सहाला निघालात तर साडेनऊ दहाला घरी.

ताम्हिणी कोणीतरी सांगेलच आता. जा जरूर, पण जुलै ऑगस्टच्या शनिवार रविवारी नका जाऊ. पिरंगुटपर्यंत ट्रॅफिक, पुढे धबधब्यापाशी स्पीकर लावून नाचणारी मंडळी. मंगळवारी रजा टाका आणि जा, पौड सोडलं कि मुळशीचं पाणी उजव्या हाताला धरून रस्ता चालतो तो भाग मला घाटापेक्षा जास्त आवडतो. फक्त एक, त्या पाण्याखाली गावं आहेत, १९२१ चा मुळशी सत्याग्रह त्याच धरणाविरुद्ध झाला. आमचे आजोळचे लोक त्या बाजूचे, आजी कधी त्या पाण्याकडे तोंड करून बसायची नाही.

स्पष्टवक्ता_७८

पेट्रोल शंभरच्या वर, शहरात श्वास घेता येत नाही, आणि लोकांना कुठेच न जाण्यासाठी गाडी चालवायचीये. सायकल घ्या. तब्येतही सुधारेल.

रिकामटेकडा_पुणे

@स्पष्टवक्ता मान्य आहे, खोटं नाही बोलत. सायकल आहे, गॅलरीत आहे, तिच्यावर सध्या टॉवेल वाळतात.

@घाटवाट जबरदस्त! हाच रस्ता करतो आधी.

सातारकरीण

मी सहसा वाचून सोडून देते पण यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

मी गाडी शिकले एक्केचाळीसाव्या वर्षी. रविवारी सकाळी घरातले सगळे झोपलेले असतात, मी पावणेसहाला निघते, यवतेश्वरचा घाट चढते आणि कासच्या रस्त्याने तलावापर्यंत, कधी वेळ असला तर खाली बामणोलीपर्यंत. थर्मासमध्ये चहा. बामणोलीला कोयनेचं पाणी पसरलेलं असतं, लाँचवाले नुकते उठत असतात, मी गाडीतच बसून चहा पिते आणि परत येते. सप्टेंबर ऑक्टोबरात नाही जात, तेव्हा फुलं बघायला अख्खा महाराष्ट्र येतो, तिकीट, पार्किंग, शिट्ट्या. जूनच्या शेवटी आणि जानेवारीत तो रस्ता माझा एकटीचा असतो.

तुम्हाला घरच्यांनी कुठे गेला होतास एवढंच विचारलं. मला चहाच्या टपरीवाल्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळे विचारतात, एकट्याच? साहेब नाही आले? काही प्रॉब्लेम आहे का गाडीला? एकदा रस्त्याच्या कडेला गाडी लावून नुसती धुकं बघत उभी होते तर तीन गाड्या थांबल्या मदत करायला. भले लोक होते, राग नाही आला, पण तिघांनाही पटेना कि बाई काही न बिघडता उभी असू शकते. पहिली दोन वर्षं मी कारणं ठेवायचे, मामींना डबा द्यायचाय, नर्सरीतून रोप आणायचंय. खरंच एक रोप घेऊन यायचे येताना. आमच्या टेरेसवर सतरा जास्वंदी झाल्या त्या अशा. मग एके दिवशी नवऱ्यानेच विचारलं कि तुला जास्वंद एवढी आवडते हे मला माहीतच नव्हतं, तेव्हा खरं सांगितलं. हसला खूप. आता गाडीची हवा शनिवारी तोच चेक करून आणतो.

आणि हो, गाडीत मी मोठ्याने गाते. घरात गाता येत नाही एवढ्या मोठ्याने.

एक प्रॅक्टिकल सांगते, एकटं फिरायचं असेल तर स्टेपनी बदलायला शिका, आणि स्टेपनीत हवा आहे का ते बघा, बहुतेकांच्या नसते.

निवांत_नाना

मी एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होतो, शेवटची बारा वर्षं महाड डेपोला. पोलादपूर महाबळेश्वर, म्हणजे आंबेनळी घाट, किती वेळा केला त्याची गणती नाही. नवीन गाडी घेतलेल्या पोरांसाठी चार गोष्टी लिहितो, रागावू नका.

ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरायचा. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे मी खूप बघितले, ब्रेकवर पाय ठेवून ठेवून वास यायला लागतो, मग लायनर तापून ब्रेक लागत नाही. वास आला तर जागा बघून थांबा, अर्धा तास थंड होऊ द्या, चाकावर पाणी मारू नका. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, तो नियम आहे, पण हल्ली उतरणाराच लाईट मारत येतो. धुक्यात चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावून जाऊ नका, मागच्याला कळत नाही तुम्ही उभे आहात का चाललाय. डिपर ठेवा, काच खाली करा आणि वळणावर हॉर्न द्या. धुक्यात कान जास्त कामाला येतो.

आता तुमच्या प्रश्नाचं. रिटायर झाल्यावर पोराने गाडी घेतली, म्हणाला बाबा चला महाबळेश्वरला, तुमच्याच घाटाने. मी म्हटलं तो घाट मला नको सांगूस. पण गेलो, शेजारी बसलो. आणि खरं सांगतो, तो घाट मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. इतकी वर्षं मला त्या घाटातलं प्रत्येक वळण माहीत, कुठे रस्ता खचतो, कुठे दरड येते, कुठल्या वळणाला समोरून बस आली तर कोणी मागे घ्यायची, पण दरीकडे बघायचं कामच नव्हतं, बघून चालत नाही, मागे पन्नास माणसं बसलेली. प्रतापगड तिथून इतका जवळ दिसतो हे मला पॅसेंजर पोरांच्या ओरडण्यावरून माहीत होतं. पोराला म्हटलं थांब जरा. तो थांबला. मागून एसटी आली, तिच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला, बरोबर दिला, आम्ही वळणावरच थांबलो होतो. मीच शिकवलं असतं तर कानाखाली दिली असती.

आता महिन्यातून एकदा जातो. चालवायला मागत नाही मी.

आरेवारेकर

नानांना साष्टांग नमस्कार.

मी रत्नागिरीचा, आमच्याकडे गणपतीपुळ्याला जायला निवळीवरून हायवेने जाता येतं आणि आरे वारेच्या समुद्राकाठच्या रस्त्यानेही. तो रस्ता इतका फेमस झालाय कि आता तिथल्या लोकांच्या बाजूने पण कोणीतरी बोललं पाहिजे म्हणून लिहितोय. वरून दोन्ही किनारे दिसतात ते वळण आहे ना, तिथेच सगळ्यांना थांबायचं असतं, गाडी अर्धी रस्त्यात, दरवाजा रस्त्याच्या बाजूने उघडा, आणि मागे रिक्षात कोणाची तरी बाळंतीण असते किंवा मासे घेऊन मार्केटला निघालेली बाई असते. दुसरं म्हणजे वाळूत गाडी घालणारे. भरती कधी आहे माहीत नाही, चाकं रुतली कि मग गावात ट्रॅक्टर शोधत येणार. आमच्या शेजारच्या काकांचा ट्रॅक्टर आहे, ते म्हणतात शेतीपेक्षा मे महिन्यात याच्यात जास्त सुटतात.

पण म्हणून येऊ नका असं नाही हां. आम्ही पण जातो. बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून घराबाहेर चालत जाता येत नाही, रोज संध्याकाळी साडेपाचला त्यांना पुढच्या सीटवर बसवतो, आरे वारेपर्यंत नेतो, काच खाली करतो, पाच मिनिटं थांबून परत. बोलत नाहीत फारसे. ज्या दिवशी मला ऑफिसात उशीर होतो त्या दिवशी घरी आल्यावर चपला घालून बसलेले असतात.

पुण्याच्या लोकांनी दोन दिवस काढून कधीतरी किनाऱ्याकिनाऱ्याने या, हायवे सोडून. वेसवी बागमांडला, दाभोळ धोपावे, तवसाळ जयगड, तिन्ही ठिकाणी फेरीबोटीत गाडी घालता येते. गाडी बोटीत, आपण गाडीबाहेर, गाडी चालवत नाही तरी पुढे चाललोय, त्या वीसेक मिनिटांसारखी मजा नाही. रिव्हर्स घालून बोटीत चढायचं जमलं पाहिजे मात्र, तिथे लोक बघायला उभे असतात.

पोटोमॅककाठी

मी गेली चौदा वर्षं व्हर्जिनियात. इथे याच कामासाठी बांधलेला एक अख्खा रस्ता आहे, स्कायलाइन ड्राइव्ह. १०५ मैल, शेनांडोआ नॅशनल पार्कच्या डोंगरधारेवरून, १९३० च्या दशकात बांधला तोच मुळी लोकांनी मोटारीत बसून डोंगर बघावेत म्हणून. लिमिट ताशी ३५ मैल, म्हणजे छप्पन किलोमीटर. त्याला जोडूनच पुढे ब्लू रिज पार्कवे, तो ४६९ मैलांचा, त्याच्यावर ट्रकला बंदी. जागोजागी गाडी बाजूला घ्यायला कट्टे केलेत, त्यामुळे आरेवारेकरांनी लिहिलेला वळणावरचा घोळ कमी. ऑक्टोबरात पानं रंगली कि मात्र रांगच्या रांग, तेव्हा खंडाळ्याची आठवण येते.

पहिली दोन तीन वर्षं मला हा रस्ता फार आवडायचा, अजूनही आवडतो, पण काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं आणि काय ते कळत नव्हतं. मग एकदा लक्षात आलं, या रस्त्यावर एकही गाव लागत नाही. ना कोणाचं अंगण, ना वाळत घातलेल्या साड्या, ना शाळेतून येणारी पोरं. नंतर वाचलं तर पार्क करताना तिथल्या पाचशेच्या वर कुटुंबांना उठवलं होतं. घाटवाट यांच्या आजीचं वाचून तेच आठवलं.

माझे सासरेपण "आणलं काय" वाले आहेत. इथे आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेले. चार तासांत एक अस्वल दिसलं, तेही लांबून. त्यांनी सांगलीत जाऊन तीन महिने ते अस्वल सांगितलं, दर वेळी थोडं जवळ येत गेलं.

रिकामटेकडा_पुणे

मंडळी, अपडेट. काल केला सासवडचा रस्ता.

एकटा जाणार होतो पण बायको म्हणाली थांब मी पण येते, बघू तरी तुझं कुठे नाही म्हणजे कुठे आहे ते. जुना कात्रज मस्त, धुकं होतं, नानांचं ऐकून काच खाली केली. नारायणपूरच्या पुढे पुरंदर अजिबात दिसला नाही, उजव्या हाताला नुसता पांढरा पडदा, पण बायकोने तिथेच गाडी थांबवायला लावली आणि म्हणाली आता मी चालवते. लायसन आहे तिचं, आठ वर्षं झाली, पण शहरात मी शेजारी बसून सारखा ब्रेक ब्रेक करतो म्हणून सोडून दिलं होतं तिने. सासवडपर्यंत मी एक शब्द बोललो नाही, पाय मात्र दाबत होतो खालच्या मॅटवर. बोपदेवपण तिनेच उतरवला, सेकंडमध्ये. सीताफळं दोन किलो आणली, निम्मी कच्ची निघाली, तांदळाच्या डब्यात घातलीयेत.

कोंढव्यात ट्रॅफिकमध्ये अर्धा तास गेला, तिथे भांडण झालं, ते सोडून द्या.

आता प्रॉब्लेम असा कि पुढच्या रविवारी ती मैत्रिणीला घेऊन निघालीये, मला बोलावलेलं नाही. @सातारकरीण ताई, ती विचारतेय कि स्टेपनी बदलायला तुम्ही कुठे शिकलात, गॅरेजवाल्याने शिकवलं का घरीच? आमच्या स्टेपनीत खरंच हवा नव्हती.