फसवणूक की आपली घाई?

खुनाच्या तपासकथांबद्दल ‘शेवट वाचल्यावर लेखकानं फसवल्यासारखं वाटतं’ अशी तक्रार असते. पण बहुतेकदा खुन्यापर्यंत नेणारा दुवा समोरच असतो, आपण वेगात पुढे गेलेलो असतो. नागपुरात मे महिन्यात भर दुपारी कूलरसमोर दोनशे पानं सलग संपतात, पण तपासकथा तशी वाचू नये. साधारण तीन चतुर्थांश पुस्तक झालं की थांबा. कागदावर प्रत्येक संशयिताचं नाव, खुनाच्या वेळी तो कुठे होता आणि हे आपल्याला कोणी सांगितलं, एवढं लिहा. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण संशयितानं स्वतःच सांगितलेली वेळ आपण नकळत खरी धरून चालतो. खरा दुवा बहुधा वस्तूंच्या लांब यादीच्या मधोमध किंवा एखाद्या भांडणाच्या जरा आधी दडवलेला असतो. ‘ज्याच्यावर संशय नाही तोच खुनी’ हा तर्क कृपया सोडा. तो बरोबर निघाला तरी कोडं सुटलेलं नसतं. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली मांडलेल्या तपासकथेच्या दहा नियमांपैकी एक असा, की गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकालाही दिसलाच पाहिजे. तो पाळलाय का, हे शेवट कळल्यावर पहिली पन्नास पानं पुन्हा वाचून तपासा. मला तर हे दुसरं वाचनच जास्त आवडतं.