मोडी कागदांचे फोटो काढताना उजवा खालचा कोपरा धूसर येतो, काय तपासू?

ओसरी:
नमस्कार मंडळी. राजापूरजवळच्या आमच्या घरात मोडीतले जुने कागद आहेत. कसर लागायच्या आत सगळ्यांचे फोटो काढून ठेवायचे आहेत. खिशात मावणारा कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा आहे, १६ मेगापिक्सेल, सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) लहान, १/२.३ इंची. स्टँडवर उलटा बसवून साधारण फूटभर उंचीवरून फोटो काढते, झूम न करता. मधला मजकूर सुरेख येतो, पण उजवा खालचा कोपरा दर वेळी धूसर. नेमकी तिथेच मित्ती, म्हणजे कागदाची तारीख असते, आणि मोडी सलग लिहिलेली असल्याने एक अक्षर गेलं की पुढचे शब्द सुटत नाहीत. लेन्स पुसून पाहिली, फरक नाही. दुरुस्तीला टाकू, नवा घेऊ, की माझ्या पद्धतीतच काही चुकतंय?

गडवाट:
लेन्सच्या आत बुरशी असेल. कोकणातला पावसाळा, दुसरं काय. तोवर लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र लहान करा, एफ ८ ठेवा (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान), कोपरे सुधारतात.

भिंगरी:
गडवाट, एफ ८ चा सल्ला मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला चांगला आहे, इथे नको. छिद्र लहान झालं की प्रकाश फाकतो. एफ ८ ला एका बिंदूचा ठिपका सुमारे १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतो आणि या सेन्सरवरचा एक पिक्सेल दीड मायक्रॉनपेक्षाही लहान असतो. म्हणजे कोपरा सुधारायच्या नादात मधला चांगला मजकूरही मऊ पडेल. छिद्र हाताने ठरवता येत असेल तर एफ ४ च्या आसपास राहा.

बुरशीने बहुतेकदा सगळ्या फोटोवर दुधी झाक येते, काळी शाई करडी दिसते. एकच कोपरा जात असेल तर मला ती शंका कमी वाटते. तरी लेन्स बाहेर आलेली असताना टॉर्चचा उजेड तिरका टाकून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू असले तर दिसतील.

ओसरीताई, आधी एकच गोष्ट ठरवा: धूसरपणा कागदाबरोबर फिरतो की फोटोच्या कोपऱ्याला चिकटून राहतो? स्टँडला हात न लावता कागद उलटा फिरवा. मित्ती आता डाव्या वरच्या कोपऱ्यात आली. तिथेही ती धूसर असेल तर कागद तिथे उचललेला आहे, त्यावर काच ठेवा. मित्ती स्पष्ट झाली आणि उजवा खालचा कोपरा पुन्हा धूसर आला, तर दोष स्टँडचा किंवा लेन्सचा.

त्या दोघांतला कुठला, ते आरशाने कळतं. कागदाच्या जागी लहान आरसा सपाट ठेवा आणि स्क्रीनवर बघा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं तर कॅमेरा कागदाला समांतर आहे. बाजूला दिसलं तर स्टँड कलला आहे, तो आधी सरळ करा.

सड्यावरचा:
याला जोड म्हणून लांबची चाचणी करा. भर उन्हात जांभ्याच्या भिंतीसमोर वीसेक फुटांवर उभ्या राहा आणि भिंत पूर्ण फ्रेमभर घ्या. इतक्या लांबून कॅमेरा थोडा कलला तरी फोकसवर परिणाम होत नाही. जांभ्याची भोकं तीन कोपऱ्यांत स्वच्छ आणि चौथ्यात पुसट दिसली, तर लेन्सचं एखादं भिंग जागेवरून सरकलेलं आहे. कॅमेरा कधी पडला होता का? कंप रोखणाऱ्या सोयीसाठी आतलं एक भिंग हलतं ठेवलेलं असतं, पडल्यावर ते वाकडं बसू शकतं. ती सोय बंद करून एक फोटो घ्या आणि चालू करून एक. स्टँडवर तशी ती बंदच ठेवावी, आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा.

ओसरी:
सगळं करून पाहिलं. कागद उलटा फिरवल्यावर मित्ती लख्ख आली! धूसर कोपरा मात्र जागचा हलला नाही. आरशात लेन्स मधोमध. जांभ्याच्या भिंतीवरही तोच कोपरा गेलेला. कंप रोखणारी सोय बंद केल्यावर किंचित सुधारणा, पण पुरेशी नाही. तंतू दिसले नाहीत. कॅमेरा माझ्या भाच्याच्या हातून ओसरीच्या पायरीवर पडला होता खरा. उघडून भिंग सरळ करता येईल का?

भिंगरी:
घरी अजिबात उघडू नका. फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बॅटरी काढली तरी तो बराच वेळ टिकतो. शिवाय भिंग जागेवर आणायला केसभराची अचूकता लागते. या वर्गाच्या कॅमेऱ्यात पूर्ण लेन्सच बदलतात, तो खर्च मला पटत नाही.

पण तुमचं काम याच कॅमेऱ्यावर होईल. कागद फ्रेमभर घेऊ नका, चारही बाजूंना भरपूर मोकळी जागा सोडा म्हणजे खराब कोपरा टेबलावर पडेल. मोठा कागद असेल तर वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन फोटो घ्या, मधल्या चार-पाच ओळी दोन्हींत येऊ द्या. झूम दुप्पट करून स्टँडही साधारण दुप्पट उंच करा, बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये अगदी रुंद टोकापेक्षा कोपरे तिथे बरे येतात. मॅक्रो मोडमध्ये (जवळून फोटो काढायच्या सोयीत) फार जवळ जाऊ नका. पाचेक सेंटीमीटरवरून जेमतेम काही मिलिमीटर खोली फोकसमध्ये राहते, कागदाची घडीसुद्धा धूसर दिसेल.

आयएसओ (प्रकाशाला सेन्सर किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) १०० वर ठेवा, जास्त वाढवलात तर फोटोत दाणे येतात आणि कॅमेरा ते पुसताना बारीक रेघाही पुसतो. फ्लॅश बंद. खिडकीजवळ उजेड घ्या, पण कागदावर थेट ऊन नको.

सड्यावरचा:
काम नसेल तेव्हा कॅमेरा ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा. आज बुरशी नाही म्हणजे पुढच्या आषाढात येणार नाही असं नाही. आणि प्रत्येक कागदाशेजारी एक फूटपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी ठेवूनच फोटो घ्या. नंतर वाचणाऱ्याला आकार कळतो आणि कुठला अर्धा कुठल्या कागदाचा हे शोधावं लागत नाही.