मदत हवी आहे: दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधल्या लांब प्रवासाचं गणित

मंडळी, कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर चारेक महिने सलग फिरायचं ठरतंय. बजेट असं धरलंय: प्रवासखर्च, घरचे चालू हप्ते, आणि परतल्यावर काम मिळेपर्यंतचा तीन महिन्यांचा खर्च वेगळा. शेवटच्या इनव्हॉइसचे पैसे यात मोजलेले नाहीत, कारण ३० ते ६० दिवसांची मुदत असली की ते हमखास प्रवासाच्या मध्यावर येतात, आणि काही खुसपट निघालं तर पाठपुरावा परक्या टाइमझोनमधून करावा लागतो.

युरोपातल्या शेंगेन देशांत (सामायिक व्हिसा असलेला गट) कुठल्याही १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं, म्हणून उरलेले दिवस त्याबाहेर काढणार. बँकेच्या ओटीपीचं सिम रोमिंगवर चालू ठेवणार. ते बंद पडलं की सगळे व्यवहार अडतात.

अडलंय ते इथे. कंपनीचा आरोग्यविमा कॉन्ट्रॅक्टसोबत संपतो आणि प्रवासविमा सहसा मायदेशी परतल्यावर लागू नसतो. मग परतल्यानंतरच्या महिन्यांसाठी विम्याची सोय कशी करता? स्वतःची पॉलिसी किती आधी घ्यावी, प्रतीक्षाकाळ (सुरुवातीचा, काही आजारांचे दावे मिळत नाहीत तो काळ) निघून जाईल अशी? आणि नव्या कामासाठी रिक्रूटरना परतण्याच्या सहा आठवडे आधी गाठावं, की निघण्यापूर्वीच तारीख सांगून ठेवावी? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.