६६ च्या मस्टँगचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: २,४०० डॉलर रास्त आहेत का?

मिशिगनवासी:
मंडळी, गाडी १९६६ ची फोर्ड मस्टँग, २८९ घन इंचांचं व्ही-८ इंजिन, फोर्डचा सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ग्रँड रॅपिड्सजवळ एका आजोबांच्या गॅरेजात कित्येक वर्षं पडून होती, गेल्या वर्षी मी घेतली. इंजिन ठणठणीत. पण सकाळी थंड असताना रिव्हर्स टाकला की गाडी जागची हलत नाही, आणि मग धप्पकन मागे सरकते. गरम झाल्यावर हा त्रास बराच कमी होतो. दुसरा गिअर छान पडतो. तिसरा पडताना मात्र इंजिनाचा आवाज नुसता चढतो, वेग काही वाढत नाही.

घराजवळच्या दुकानात दाखवली. त्याने एक चक्कर मारली आणि तोंडी सांगितलं, रीबिल्ड (हाच बॉक्स उघडून आतले भाग बदलणं) २,४०० डॉलर, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा, ऑइलने भरलेला डबा) वेगळा. नाहीतर तयार बॉक्स बदलून देतो, १,५०० मध्ये, दोन दिवसांत गाडी घेऊन जा. बायकोचं म्हणणं, तेवढ्यात पुण्याहून आईबाबांची तिकिटं निघतील. तिलाही काही बोलता येत नाही!

आकडा बरोबर वाटतो का? आणि यातलं घरी किती करता येईल? ब्रेक आणि कार्ब्युरेटर मी स्वतः केलेत, गिअरबॉक्स कधी उघडलेला नाही.

ठाणेकर७७:
मॅन्युअल बसवून मोकळे व्हा. मस्टँग घेऊन ऑटोमॅटिक चालवायची म्हणजे हापूस आणून त्याचं मिल्कशेक करायचं. (ह. घ्या.)

नाना_ओहायो:
ठाणेकर, ६६ साली ही गाडी घेणाऱ्या बऱ्याच लोकांनी ऑटोमॅटिकच मागितला होता. असो.

मिशिगनवासी, तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत, निम्मं काम झालं. सी-४ मध्ये रिव्हर्स आणि तिसरा हे दोन्ही एकाच क्लचवर चालतात. दुसरा चालतो बँडवर, म्हणजे आतल्या ड्रमला आवळणाऱ्या पट्ट्यावर. तुमचा दुसरा ठीक आहे आणि नेमके हे दोनच रुसलेत, म्हणजे संशय त्या क्लचवर. थंडीत उशीर आणि गरम झाल्यावर सुधारणा, हे त्या क्लचच्या पिस्टनवरचं रबरी सील कडक झाल्याचं लक्षण. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की हे होतंच. ऑइलचं प्रेशर सीलच्या कडेने निसटतं, क्लचच्या प्लेटा घट्ट दाबल्या जात नाहीत, घसरतात आणि जळतात. म्हणून आता ती फिरवू नका. प्रत्येक चक्कर तुमच्या बिलात भर घालते आहे.

दुसऱ्या गिअरची अजून एक खातरजमा करता येते. ६६ च्या सिलेक्टरवर (गिअर निवडायच्या दांड्यावर) दोन ठिपके असतात, मोठा हिरवा आणि लहान. लहान ठिपक्यावर ठेवलं की गाडी सरळ दुसऱ्यातच निघते. गल्लीच्या टोकापर्यंत तशी एकदा न्या. उभ्यावरून न घसरता उचलली तर बँड शाबूत.

बॉक्स उतरवण्याआधी तीन फुकटातल्या गोष्टी बघा. गिअरबॉक्सचं ऑइल गरम असताना, इंजिन चालू ठेवून त्याची डिपस्टिक काढा. रंग आणि वास दोन्ही बघा, जळका वास आला तर प्लेटा गेल्याच समजा. मग बॉक्सच्या मागच्या बाजूला व्हॅक्युम मोड्युलेटर आहे (इंजिनाच्या व्हॅक्युमवर चालणारी, गिअर कधी पडायचा ते ठरवायला मदत करणारी डबी), त्याची रबरी नळी काढून आत ऑइल दिसतं का बघा. दिसलं तर त्यातला पडदा फाटलाय आणि इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पितंय. तीस डॉलरच्या आसपासचा भाग आहे. तिसरं, ती नळीच चिरली आहे का. यातल्या कशानेही तुमचा रिव्हर्स सुधारेल असं मला वाटत नाही, पण चोर सोडून संन्याशाला फाशी नको.

आता पैसे. सी-४ हा फोर्डने १९६४ ते १९८१ बनवलेला बॉक्स, त्यामुळे सुटे भाग मुबलक आणि स्वस्त. प्लेटा, सील, गॅस्केट, फिल्टर असा किट साधारण १५० ते २५० डॉलर. बदलीचा कन्व्हर्टर तेवढ्याच घरात. म्हणजे भागांत तुमचे पाचशेही धड जात नाहीत. उरलेली सगळी मजुरी. बॉक्स उतरवणं-चढवणं अर्धा दिवस, टेबलावर उघडून बसवणं एक दिवस, तासाला सव्वाशे-दीडशे डॉलर. गुणाकार करा. भाग धरून दोन हजारांच्या आसपास येतं. २,४०० ही लूट नाही, पण कन्व्हर्टर वेगळा म्हणत असेल तर मात्र घासाघीस करा.

घरी करायचंच तर उतरवणं आणि चढवणं करा. ॲल्युमिनियमचं कवच आहे, तरी वजन शंभर पौंडांच्या पुढे, त्यामुळे ट्रान्समिशन जॅक भाड्याने आणाच. पोटावर घेऊन उतरवणारे बहाद्दर मी पाहिलेत, त्यांच्या कंबरेचं पुढे काय झालं तेही पाहिलंय. नुसता बॉक्स दुकानाच्या टेबलावर नेऊन ठेवलात तर हजार-बाराशेत करून देणारे मिळतील. आतलं पहिल्यांदाच उघडत असाल तर एवढ्यावरच थांबा.

१,५०० च्या तयार बॉक्सला मी हात लावणार नाही. १९६७ पासून सिलेक्टरची रचना बदलली, १९७० मध्ये इनपुट शाफ्टचे दाते २४ चे २६ झाले. वर्षं न बघता काहीतरी आणून टाकतील, आणि तुमचा मूळ बॉक्स जुना माल म्हणून घेऊन जातील. सर्व्होच्या (बँड आवळणाऱ्या पिस्टनच्या) बोल्टखाली पत्र्याचा छोटा टॅग असतो, त्याचा फोटो आजच काढून ठेवा. दुकानात पाठवलात तर तोच परत आला का ते कळेल.

शेवटचं. मिशिगनात दुकानाने लेखी अंदाजपत्रक द्यायचा कायदा आहे. ऑटोमॅटिक ट्रान्समिशनच्या कामासाठी मेकॅनिकला राज्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. काढलेले भाग परत मागायचा हक्कही तुम्हाला आहे. तोंडी आकड्यावर किल्ली देऊ नका.

आठ_सिलिंडर:
नानांना अनुमोदन. माझ्याकडे याच काळातली गाडी आहे (न्यू जर्सी), मी एओडी (फोर्डचाच चार गिअरांचा ऑटोमॅटिक) बसवला. चौथा ओव्हरड्राइव्ह, हायवेवर इंजिन शांत चालतं. पण क्रॉसमेंबर (गिअरबॉक्स पेलणारा आडवा बार) बदला, ड्राइव्हशाफ्ट कापून घ्या, केबल जुळवा... खर्च तुमच्या २,४०० च्या दुपटीला गेला. रविवारी आइस्क्रीम खायला जाणाऱ्या गाडीला हा उपद्व्याप नको.

मिशिगनवासी:
नाना, साष्टांग! ऑइल तपकिरी आहे आणि जळका वास येतोय. मोड्युलेटरची नळी कोरडी. लहान ठिपक्यावर गाडी व्यवस्थित उचलते. दुसऱ्या एका दुकानाने लेखी दिलंय: बॉक्स मी नेऊन द्यायचा, कन्व्हर्टरसकट १,३५०, आत ड्रम खराब निघाला तर आधी फोन करणार. टॅगचा फोटो काढला. जॅक शनिवारी आणतोय.

नाना_ओहायो:
छान भाव मिळाला, घ्या. ऑइल जळकं आहे म्हणजे कन्व्हर्टर नवा घालणं योग्यच, त्याच्या आत साफ करता येत नाही. तेच रेडिएटरच्या खालच्या भागातल्या, गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या कूलरचं. तो आणि दोन्ही नळ्या फ्लश केल्याशिवाय नवा बॉक्स जोडू नका, नाहीतर जुना कचरा थेट नव्या प्लेटांत. ऑइल टाइप एफच घाला.

आणि चढवताना: कन्व्हर्टर बॉक्सच्या पंपात पूर्ण बसला पाहिजे. ढकलत फिरवत राहा, टप्प्याटप्प्याने आत जाईल. बॉक्स इंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनाच्या मागच्या चकतीपासून) थोडी फट राहिली पाहिजे. फट नसेल तर बोल्टने ओढून घेऊ नका, पंप फुटतो आणि १,३५० पुन्हा मोजावे लागतात. बॉक्स खाली घ्या, परत बसवा. फोटो टाका.