शिवारातले पहाटेचे धुके फोटोत राखाडी का उतरते?

प्रश्न : येळ्ळूर शिवार

सर्वांना नमस्कार. दिवाळीपासून दर रविवारी पहाटे मी कॅमेरा घेऊन येळ्ळूर-वडगाव शिवारात जात आहे. सुगी आटोपलेली असते, बांधावर गवताच्या गंज्या उभ्या असतात आणि बळ्ळारी नाल्याच्या अंगाला असलेल्या सखल शेतांत धुके असे साचून राहते की आंब्याच्या झाडांचे शेंडे तेवढे वर दिसतात. मात्र घरी येऊन फोटो पाहिले की त्यातले काहीच उरलेले नसते. सगळ्यावर एक मळकट राखाडी पडदा ओढल्यासारखे दिसते. माझ्याकडे 18-55 (रुंद दृश्यासाठी) आणि 55-250 (लांबचे जवळ आणणारी) अशा दोन मिलिमीटर मापांच्या लेन्स आहेत आणि आजवर मी सगळे ऑटोवरच काढत आलो आहे. राजहंसगडावर चढून बेळगावच्या दिशेने काढलेले फोटोही तसेच सपाट आले.

दुसरी अडचण अशी की गेल्या चार रविवारांपैकी तीन रविवारी धुके पडलेच नाही. ते पडणार की नाही, हे आदल्या रात्री ओळखता येते का? हलगा-मच्छे बायपासच्या कामामुळे या शिवाराचे रूप बदलू लागले आहे, म्हणून ते आज जसे आहे तसे नीट टिपून ठेवावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : खानापूर, मलप्रभाकाठ

आपली अडचण मी स्वतः बरीच वर्षे अनुभवली आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो. पांढरेशुभ्र धुके चौकटभर पसरलेले असले की त्याला ते प्रमाणाबाहेर उजळ वाटते आणि तो प्रकाश कमी करतो. आपल्याला दिसणारा मळकटपणा मुख्यतः त्यातूनच येतो. ऑटो सोडून अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचे छिद्र आपण ठरवायचे, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) या, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय) अधिक दोन तृतीयांश ते अधिक एकपर्यंत न्या आणि प्रत्येक फोटोनंतर हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळे आणि उजवीकडे पांढरे दाखवणारा उजेडाचा आलेख, पाहा. त्याचा डोंगर उजवीकडे सरकलेला हवा, पण उजव्या भिंतीला टेकलेला नको. सूर्य चौकटीत आला की हा हिशेब पालटतो. त्या वेळी कॉम्पेन्सेशन पुन्हा शून्याकडे किंवा त्याखाली आणावे लागते, नाहीतर सूर्याभोवतालचा सोनेरी रंग पूर्ण पांढरा होऊन जातो. रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) फोटो काढा आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा ठरवणारी सेटिंग) डेलाइटवर ठेवा, कारण ऑटो व्हाइट बॅलन्स पहाटेची निळाई आणि नंतरची पिवळसर ऊब दोन्ही पुसून टाकू पाहतो.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न दिशेचा आहे. धुक्यातले जलकण प्रकाश सर्वाधिक पुढच्या दिशेने विखुरतात, त्यामुळे सूर्याकडे तोंड केले की धुके उजळते, त्यात किरण दिसतात आणि झाडे काळी होऊन उठून दिसतात. सूर्याकडे पाठ केली की तेच धुके निर्जीव भासते. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य नेमक्या पूर्वेला न उगवता सुमारे 24 अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. म्हणजे राजहंसगडावरून बेळगावकडे, उत्तरेला पाहताना तो आपल्या उजव्या खांद्याच्या किंचित मागे राहतो. गडावरचे आपले फोटो सपाट येण्याचे कारण मला यात दिसते. एकदा शिवारातच थांबून, आग्नेयेकडे तोंड करून पाहा.

लेन्स 55-250 वापरा. लांब लेन्समुळे एकामागची एक झाडे जवळजवळ आल्यासारखी दिसतात आणि प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा फिकट होत गेल्याने खोली मिळते. त्यासाठी जवळ काहीतरी गडद असावेच लागते: एखादी गंजी, बैलगाडीचे चाक, चिंचेचे खोड. नुसत्या धुक्याचा फोटो होत नाही, असे माझे ठाम मत आहे. फोकसही त्याच गडद वस्तूच्या कडेवर धरा, कारण धुक्यात लेन्स फोकस शोधत पुढेमागे फिरत राहते. फ्लॅश मात्र बंदच ठेवा. त्याचा प्रकाश जवळच्या जलकणांवर आपटून परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते.

उत्तर : कडोली

धुके कधी पडते, याविषयी शेतातल्या अनुभवावरून लिहिते. आमच्या घरी भाताच्या मागे मसूर आणि वाटाणा असतो, त्यामुळे हिवाळ्यातल्या बहुतेक पहाटी मी रानात असते.

आपल्या सखल भागातले हिवाळी धुके जमिनीच्या थंड होण्याने तयार होते. रात्री आकाश निरभ्र असले की जमीन आपली उष्णता झपाट्याने वर सोडते, तिच्या लगतची दमट हवा गार होते आणि हवेतल्या बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. त्यामुळे आदल्या संध्याकाळी तीन गोष्टी पाहाव्यात: आकाशात ढग नसावेत, वारा पडलेला असावा आणि माती ओली असावी. एक-दोन दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस होऊन गेला असेल किंवा शेजारच्या उसाला नुकतेच पाणी दिलेले असेल, तर शक्यता पुष्कळ वाढते. मोबाईलवरच्या हवामानात तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे थेंब होऊ लागतात ते) दोन्ही दिसतात. पहाटेसाठी त्या दोहोंत दोन अंशांहून कमी फरक दाखवला असेल आणि वारा नसेल, तर गजर लावावा. ढग आले की ते गोधडीसारखे जमिनीची ऊब धरून ठेवतात आणि धुके पडत नाही. आपले तीन रविवार बहुधा ढगांमुळे किंवा वाऱ्यामुळे वाया गेले असावेत.

उजाडताना धुके विरळ वाटले तरी परत फिरू नका. सूर्य वर येताच जमिनीलगतची हवा हलू लागते आणि पुष्कळदा धुके आधी दाटते, नंतर विरते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्योदय सातच्या सुमारास होतो, तेव्हा सहाला जागेवर असावे आणि आठपर्यंत थांबावे.

एक विनंती आहे. त्या वेळी उगवून आलेल्या मसुराचे कोंब बोटभर असतात आणि दवात ते दिसत नाहीत. कृपया बांधावरूनच चालावे, आणि कोणी काम करत असेल तर आधी दोन शब्द बोलून मगच कॅमेरा उचलावा. आमची माणसे नाही म्हणत नाहीत, पण न विचारता काढलेला फोटो त्यांना खटकतो.

उत्तर : कणकुंबी

ताईंनी लिहिलेले सखल भागासाठी अगदी योग्य आहे, पण पश्चिमेकडे जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाटाच्या बाजूला पावसाळ्यात जे दिसते ते वेगळे आहे. तिथे समुद्राकडून आलेला दमट वारा डोंगराला अडून वर चढतो, गार होतो आणि ढगच रस्त्यावर उतरतो. त्याला वारा लागतो, रात्र निरभ्र असण्याची गरज नसते आणि तो दुपारीही हटत नाही. त्यात सूर्यकिरणांची वाट पाहण्यात अर्थ नाही. झाडांच्या शेवाळलेल्या खोडांचे हिरवे-काळे रंग मऊ प्रकाशात टिपावेत. तिथे पोलरायझर फिल्टर उपयोगी पडतो, कारण तो ओल्या पानांवरची चकाकी काढतो.

जंगलाच्या कडेने पहाटे एकट्याने फिरू नका. खानापूर तालुक्यात अस्वले आणि गवे आहेत, आणि धुक्यात ती दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाहीत. रस्त्यालगत गाडी उभी केल्यास ती डांबरापासून पूर्ण बाहेर घ्यावी. लोंढा मार्गावर धुक्यातून येणाऱ्या रेल्वेचा दिवा फार देखणा दिसतो, हे मान्य आहे. तो फाटकाबाहेरून टिपावा, रुळांवर उतरून नव्हे.

प्रश्नकर्ता : येळ्ळूर शिवार

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. बुधवारी संध्याकाळी पावसाची सर आली, गुरुवारी रात्री आकाश मोकळे झाले, आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणे शुक्रवारी पहाटे नाल्याच्या कडेला जाऊन थांबलो. सव्वासातला धुके खरोखरच आधी दाटले. आग्नेयेकडे तोंड करून, लांब लेन्स 200 च्या आसपास ठेवून, कॉम्पेन्सेशन अधिक दोन तृतीयांशवर गंजी आणि तिच्यामागची आंब्याची रांग टिपली; झाडांच्या चार रांगा वेगवेगळ्या दिसतात आणि राखाडीपणा गेला आहे. पाठ फिरवली तेव्हा समोर धुक्यात एक फिकट पांढरी कमान दिसली, ती काय असावी? शिवाय अर्ध्या तासाने लेन्सवर दव जमले आणि घरी आल्यावर तर सगळा कॅमेराच ओलसर झाला.

उत्तर : खानापूर, मलप्रभाकाठ

ती कमान म्हणजे धुक्यातले इंद्रधनुष्य. धुक्याचे थेंब पावसाच्या थेंबांपेक्षा फारच बारीक असल्यामुळे रंग एकमेकांत मिसळून ते पांढरे दिसते. ते नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला आणि बरेच रुंद असते, म्हणून त्याच्यासाठी 18-55 लावावी. पाठ फिरवण्याचे हे एक कारण मी सांगायला हवे होते.

दवासाठी लेन्सला हूड (पुढे बसणारे झाकणवजा कडे) लावून ठेवा आणि खिशात कोरडे सुती फडके बाळगा. परतताना शेतातच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि घरी आल्यावर तासभर पिशवी उघडू नका. मग घरातली दमट हवा गार काचेवर न बसता पिशवीवर बसते. कार्ड काढून घ्यायचे ते पिशवी बांधण्याआधीच, म्हणजे फोटो पाहण्याच्या ओढीने ती मध्येच सोडावी लागणार नाही.