मदत हवी आहे: सोडियम-२४ मोजताना डिटेक्टरजवळ फ्लक्स कमी येतोय

डी-टी (ड्यूटेरियम-ट्रिटियम) जनरेटरच्या १४ एमईव्ही न्यूट्रॉनांनी लोखंड-५६ (एन, पी) मँगनीज-५६ या अभिक्रियेचा क्रॉस-सेक्शन (ती घडण्याच्या शक्यतेचं माप) मोजतो आहे. लोखंडाची चकती ॲल्युमिनियमच्या दोन फॉइलांमध्ये ठेवली आहे. फ्लक्स (न्यूट्रॉनांचा मारा) ॲल्युमिनियम-२७ (एन, अल्फा) सोडियम-२४ वरून, १३६९ केईव्हीच्या गॅमा रेषेने काढतो.

अडचण अशी: तेच फॉइल एचपीजीईपासून (अतिशुद्ध जर्मेनियमचा गॅमा डिटेक्टर) २० सेंमीवर मोजलं तर एक फ्लक्स, डिटेक्टरच्या टोपीला चिकटवून मोजलं तर त्याहून ८ टक्के कमी. डेड टाइम (यंत्रणा व्यस्त असल्याने नोंद न होणारा वेळ) दोन्हीकडे ३ टक्क्यांच्या आत, क्षयाची दुरुस्ती दोनदा तपासली. जवळची कार्यक्षमता सीझियम-१३७ आणि मँगनीज-५४ वरून काढली. युरोपियम-१५२ मुद्दाम टाळलं, त्याच्याही गॅमा एकामागोमाग येतात. म्हणजे संशय सोडियम-२४ च्या १३६९ आणि २७५४ केईव्ही गॅमांच्या कोइन्सिडन्स समिंगवरच (दोन्ही एकाच वेळी डिटेक्टरमध्ये शिरून एकच नोंद होणं, त्यामुळे १३६९ च्या शिखरातली मोजणी घटते).

सगळंच लांबून मोजा, असं कृपया सुचवू नका. मँगनीज-५६ चं अर्धायुष्य २.५८ तास, त्यात नमुना क्षीण. २० सेंमीवर शिखरच नीट उभं राहत नाही.

सोडियमसाठी जवळ-लांब गुणोत्तर वापरता येईल. पण मँगनीजच्या ८४७ केईव्ही रेषेची कॅस्केड (एकामागोमाग येणाऱ्या गॅमांची साखळी) वेगळी, तिथे तो गुणक चालणार नाही. मग माँटे कार्लोशिवाय (संगणकीय सिम्युलेशनशिवाय), फक्त मोजलेल्या एकूण कार्यक्षमतेवरून (फक्त शिखरात नव्हे, कुठल्याही ऊर्जेची नोंद होण्याचं प्रमाण) ही दुरुस्ती २ टक्क्यांपर्यंत अचूक करता येते का?